नॉर्वेला गेलेत म्हणे!

१२ जून २०२४ ला मला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. मी नको नको म्हणत असताना पुतण्यांनी कार्यक्रम केलाच. साताऱ्यातलाच एक लहानसा हॉल, सत्तर-ऐंशी माणसं, पंचाहत्तर दिव्यांचं ओवाळणं, जेवायला श्रीखंड-पुरी. जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, त्यातल्या दोघी आता स्वतःच आज्या आहेत! थोरली लेक कोल्हापूरहून दोन दिवस आधीच येऊन राबत होती. सगळं छान झालं. फक्त एक प्रश्न मला त्या संध्याकाळी निदान वीस जणांनी विचारला असेल. "मुलगा-सून नाही आले?" आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारचं कुणीतरी परस्पर सांगायचं, "नॉर्वेला गेलेत म्हणे!"

या 'म्हणे'त काय काय भरलेलं असतं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आमच्या वन्सं तर स्पष्टच बोलल्या. "वहिनी, मी बघते ना त्यांचे फोटो. आज पॅरिस, उद्या स्वित्झर्लंड. ही दोघं नोकरी करतात तरी कधी?"

खोटं कशाला बोलू, मलाही लागलं होतं. लोकांसमोर "अहो, त्यांचं आधीच ठरलं होतं" असं हसून सांगत होते, पण रात्री घरी येऊन हार-गुच्छ खुर्चीवर ठेवले आणि मनात एकच वाक्य घोळायला लागलं. आईच्या पंचाहत्तरीपेक्षा नॉर्वे मोठं झालं का रे तुला? सकाळी त्याचा शुभेच्छांचा फोन आला होता तेव्हा हे बोलले नाही एवढंच.

हे सगळं आज आठवायचं कारण असं, की अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा बायकांचा एक गट आहे. सहा जणींपैकी चौघींची मुलं बाहेर. एकीची लेक हॉलंडात, एकीचा मुलगा टेक्सासला, एकीचा सिंगापूरला आणि माझा धाकटा जर्मनीत. मागच्या आठवड्यात हॉलंडवाली अगदी रडकुंडीला आली होती. लेक-जावई नाताळच्या सुट्टीत इकडे न येता पोर्तुगालला चाललेत. बाकीच्यांनी तिची समजूत काढली म्हणजे काय केलं, तर आपापल्या मुलांची गाऱ्हाणी सांगितली. मी गप्प राहिले. घरी आल्यावर वाटलं, गप्प राहायला नको होतं. तिथे बोलले नाही ते इथे लिहिते.

माझं मत आता असं झालं आहे, की या मुलांच्या फिरण्याचा हिशोब आपण ठेवू नये. आणि त्यांच्या रजेवर पहिला हक्क आपला, हे तर मुळीच धरून चालू नये. हे मत काही एका दिवसात झालेलं नाही. आणि झालं असलं तरी दर वेळी पचतं असंही नाही.

आमची ही दोघं २०१६ पासून श्टुटगार्टला आहेत. मोटारींचं शहर, आणि योगायोग असा की १९६८ पासून आपल्या मुंबईचं भगिनी-शहर. (दोन्हीकडे फिरल्यावर बहिणी एका आईच्या नसाव्यात असं वाटतं, असो.) २०२२ च्या सप्टेंबरअखेर मी त्यांच्याकडे गेले आणि डिसेंबरात परतले. पाहुण्यांच्या व्हिशावर नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, तेवढे पुरेपूर राहिले. जाताना माझ्याही डोक्यात फोटोच होते. बर्फाचे डोंगर, निळी तळी, दोघं गॉगल लावून हसताहेत. दार उघडलं तर आत दोन खोल्या, एक छोटं स्वयंपाकघर, आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला एक पाटी टांगलेली. मला वाटलं नावाची पाटी असेल. ती होती 'केअरवोखे'ची!

हा प्रकार सांगण्यासारखा आहे. केअरवोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. श्टुटगार्टच्या त्या भागात ही चाल कित्येक शतकांची आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीने जिना, खालची मोकळी जागा, समोरचा फुटपाथ झाडून-पुसून काढायचा. ज्याच्या दाराला पाटी त्याची पाळी. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. हिवाळ्यात बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत फावडं घेऊन फुटपाथ मोकळा करायचा, नाहीतर कुणी घसरून पडलं तर भरपाई अंगावर येते. आता आमचे चिरंजीव कोण, तर साताऱ्यात असताना ज्याने जेवल्यावर कधी स्वतःचं ताट उचललं नाही (आणि तो दोष माझा, थोरलीला मात्र मी उचलायला लावत होते). तो मुलगा शनिवारी सकाळी बादली आणि फडकं घेऊन तीन मजल्यांचा जिना पुसत खाली उतरत होता आणि तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई दार किलकिलं करून कोपरे नीट निघाले का ते बघत होत्या. मी वरून बघत होते. आधी पोटात कालवलं, मग हसू आलं, मग स्वतःचीच जरा लाज वाटली.

बाकीचा दिनक्रमही असाच. कपडे धुवायचं मशीन तळघरात, तेही रविवारी लावायचं नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत आठवड्याचा भाजीपाला पाठीवरच्या पिशवीतून चढावर वाहून आणायचा. श्टुटगार्ट म्हणजे वाडग्यासारखं शहर आहे, मधे खोलगट आणि भोवती टेकड्या. जिथे तिथे पायऱ्या. मारिएनप्लाट्झवरून वर देगरलोखला जायला दात्यांच्या रुळावरची एक गाडी आहे, १८८४ पासूनची. तिच्या पुढे सायकली ठेवायला वेगळा डबा असतो. ती मला फार आवडायची, पण ही दोघं बहुतेक वेळा पायीच चढायची. कचरा चार प्रकारांत वेगळा करायचा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, ती बाटली दुकानातल्या यंत्रात परत घातली की पैसे मिळतात, म्हणून बाटल्या साठवायच्या. आणि पत्रं! सगळी कामं पत्रानं आणि सगळी पत्रं जर्मनमध्ये. सूनबाई रात्री जेवण झाल्यावर शब्दकोश घेऊन विम्याचं पत्र वाचत बसायची तेव्हा मला माझ्या बी. ए. च्या वर्षातलं इंग्रजी आठवायचं.

एका रविवारी मी इडलीचं पीठ मिक्सरमधून काढलं. खालच्या बाई वर आल्या! अतिशय नम्रपणे त्यांनी सुनेला सांगितलं, की रविवार शांततेचा असतो. मी ओशाळले. पुढच्या रविवारी त्याच बाईंना इडल्या पाठवल्या, तर डबा परत आला तो सफरचंदाचा केक घालून. म्हणजे माणसं वाईट नाहीत हो. पण सतत परीक्षेला बसल्यासारखं राहायचं, कुठला नियम आपल्याला माहीत नाही हेच माहीत नसायचं, याचा शीण वेगळा असतो. त्यात डिसेंबर. सकाळी सव्वाआठला सूर्य उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. सून घराबाहेर पडायची तेव्हा अंधार, परत यायची तेव्हा अंधार. आठवडेच्या आठवडे दोघांनी एकमेकांचं तोंड उजेडात बघितलं ते शनिवार-रविवारीच.

आणि मग एखाद्या शनिवारी पहाटे उठून, तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात भरून ती दोघं निघायची. मीही तीन-चारदा गेले. एकदा स्ट्रासबुर्गला गेलो. ऱ्हाईन ओलांडली की फ्रान्स. तिथल्या कॅथीड्रलसमोरचा आमच्या तिघांचा फोटो तुम्ही पाहिला असेल, वन्संनी तो पाहून "मजा आहे बाई वहिनींची" असं लिहिलं होतं. येताना गाडी चुकली आणि कार्ल्सरूहच्या फलाटावर आम्ही दीड तास काकडत उभे होतो, त्याचा फोटो कुणी काढला नाही. पण एक सांगते. त्या फलाटावर ती दोघं शेवटची पुरी वाटून खात, कसल्याशा फालतू गोष्टीवर हसून हसून बेजार झाली होती. तीन महिन्यांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

आता रजेचा हिशोब. जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा असेल तर कायद्याने वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा द्यावी लागते. या दोघांच्या कंपन्या ३० देतात. (शिवाय रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला दिलात तर तेवढे दिवस रजेतून कापत नाहीत. हे ऐकून आमचे हेडमास्तर चक्कर येऊन पडले असते.) तीस दिवस म्हणजे आपल्याला डोंगराएवढे वाटतात. पण भारतात यायचं तर तीन आठवडे, म्हणजे कामाचे पंधरा दिवस गेले. नाताळात कचेरी बंद, तेव्हाचे तीन-चार रजेतूनच. दोन-तीन दिवस अडीअडचणीला राखून ठेवायचे. उरतात ते आठ-दहा.

बरं, ते इकडचे तीन आठवडे ही काही त्यांची सुट्टी नसते. हे मला कळायला फार उशीर लागला. २०२३ च्या जानेवारीत दोघं आली होती. दहा दिवस माझ्याकडे, नऊ दिवस नागपूरला सूनबाईंच्या माहेरी, उरलेले येण्याजाण्यात. माझ्या वाट्याच्या दहांत दोन दिवस झोपेचं घड्याळ बसवण्यात गेले. मग बँकेचे कागद, दाताचा डॉक्टर, कुलदैवत, सांगलीचं एक लग्न, कऱ्हाडचे काका, वाईची मावशी. जेवायला गेलो नाही तर माणसं दुखावतात, आणि गेलो तर प्रत्येक घरी पुरणपोळी. आठ दिवसांत दोघं अकरा घरी जेवली, मी वहीत मांडून ठेवलं होतं. प्रत्येक घरी तेच तीन प्रश्न. पगार किती, परत कधी येणार, आणि तिसरा मी लिहीत नाही, तुम्ही ओळखला असेलच. रात्री पाहुण्यांनी घर भरलेलं, त्यामुळे सून आत बायकांत आणि हा बाहेर सतरंजीवर. जाताना विमानतळावर दोघांचे चेहरे शाळा-तपासणी संपल्यावर मास्तरांचे होतात तसे झाले होते.

आपण याला 'सुट्टीवर आले होते' म्हणतो!

तेव्हा नॉर्वेचे दहा दिवस हीच त्यांची खरी सुट्टी. माझ्या पंचाहत्तरीचंही खरं सांगून टाकते. त्या वर्षीच्या जानेवारीत त्याने फोनवर नीट विचारलं होतं, "आई, जूनमध्ये तुझी पंचाहत्तरी. काय करायचं?" मी म्हणाले, "काही नको रे, या वयात कसले सोहळे." आता आपल्याकडे 'काही नको' याचा अर्थ काय असतो ते सर्वांना ठाऊक आहे. पण आठ वर्षं जर्मनीत राहिलेल्या माणसाने तो शब्दशः घेतला. तिकडे वर्षाच्या सुरुवातीलाच कचेरीत रजा कधी घेणार ते सांगावं लागतं. त्याने जून लिहून दिला, तिकिटं काढली. पुतण्यांचं कार्यक्रमाचं ठरलं मेच्या मध्याला. मग मी तरी कोणत्या तोंडाने बोलावणार? त्याने "रद्द करून येऊ का?" असंही विचारलं होतं. मी पुन्हा म्हणाले, "नको." आणि पुन्हा त्याने ते खरं मानलं.

(२०१९ साली माझं मनगट मोडलं तेव्हा मी "येऊ नकोस" म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा! म्हणजे कुठलं 'नको' खरं आणि कुठलं खोटं याची त्याला अगदीच पारख नाही असं नाही. करोनात मात्र जवळजवळ दोन वर्षं येणं झालं नाही, तेव्हा कुणाचाच इलाज नव्हता.)

कार्यक्रमाच्या त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे साडेतीनला फोन वाजला. काळजात धस्स झालं. उचलला तर व्हिडिओ, आणि समोर लख्ख ऊन! तिकडे रात्रीचे बारा वाजले होते. आदल्या रात्री नॉर्थ केपला दाट धुकं होतं, काही दिसलं नाही, म्हणून ती दोघं एक दिवस जास्त थांबली होती. "आई, बघ," एवढंच तो म्हणाला आणि फोन समुद्राकडे वळवला.

मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. मध्यरात्रीचा सूर्य मी किती तुकड्यांना शिकवला असेल! वर्गाच्या खिडक्या बंद करायच्या, मेणबत्ती लावायची, संत्र्यातून विणकामाची सुई आरपार घालायची, साडेतेवीस अंशांनी कलती धरायची आणि फिरवायची. "बघा, वरच्या टोकावर सारखा उजेड." फळ्यावर साडेसहासष्ट अंशांचं वर्तुळ काढायचं. दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच, "बाई, मग तिथली माणसं झोपतात कधी?" आणि मी दरवर्षी म्हणायचे, "तुझ्यासारखी तासाला झोपतात."

तो सूर्य फोनच्या एवढ्याशा काचेवर, पाण्याच्या दोन-तीन बोटं वर, बुडायचं नाव न घेता डावीकडून उजवीकडे सरकत होता. मावळतीचा रंग तोच, उगवतीचाही तोच. मी अंथरुणात बसून बघत होते. काही बोलायला सुचेना, म्हणून मी त्याला विचारलं, "तिथली माणसं झोपतात कधी रे?" तर म्हणाला, "खिडक्यांना काळे जाड पडदे असतात. आमच्या खोलीचा पडदा फाटका निघाला, म्हणून आम्ही दोन दिवस झोपलो नाही." मागून सूनबाई ओरडली, "आई, अजून एक! हे युरोपचं उत्तर टोक नाहीच! शेजारचा तो आडवा दिसतोय ना कडा, तो याच्याही पुढे दीड किलोमीटर उत्तरेला आहे. आणि हे सगळं तर बेटावर आहे!" म्हणजे चौतीस वर्षं मी चुकीचं शिकवलं की! माझ्या सगळ्या विद्यार्थिनींनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी.

त्या दोघांना थंडीने बोलता येत नव्हतं, नाकं लाल झाली होती. तरी पंधरा मिनिटं त्यांनी तो फोन समुद्राकडे धरून ठेवला. माझा राग गेला का? पुष्कळसा गेला. संध्याकाळची रिकामी खुर्ची मात्र फोटोत दिसते ती दिसतेच, ते काही खोटं नाही.

माझ्या रागापेक्षा दुसरी एक गोष्ट मला त्या पहाटे आठवली. आमचं लग्न १९७५ चं. लग्नानंतर आम्ही दोघंच असे एकदाच कुठे गेलो, महाबळेश्वरला, तीन दिवस. पुढे सासू-सासरे, दिरांची शिक्षणं, नणंदांची लग्नं, मुलं. सहली पुष्कळ केल्या, पण त्या शाळेच्या. लाल गाडीतून पन्नास मुली घेऊन प्रतापगड, रायगड, अजिंठा-वेरूळ, आणि डोकी मोजत परत यायचं. ह्यांनी त्यांच्या डायरीत शेवटच्या पानावर एक यादी केली होती. कन्याकुमारी, काश्मीर, जमलं तर नेपाळ. निवृत्तीनंतर जायचं होतं. मी २००७ ला निवृत्त झाले, २००८ ला ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि २०११ ला हे गेले. डायरी आहे कपाटात. आम्हाला कुणी अडवलं नव्हतं, हे खरं. पण कुणी 'जा' म्हणणारंही नव्हतं. दोघांनीच जायचं म्हणजे काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं. सूनबाई जेव्हा फोनवर जरा दबक्या आवाजात सांगते, "आई, आम्ही ना, चार दिवस जरा जाऊन येतोय," तेव्हा तो दबका आवाज मी ओळखते. तो माझाच आहे.

म्हणजे मुलांचं काही चुकतच नाही असं मी म्हणत नाही. माझी तक्रार त्यांच्या फिरण्याविषयी नाही, फोटोंविषयी आहे. दहा दिवसांचे चारशे फोटो पाठवता आणि उरलेल्या साडेतीनशे दिवसांबद्दल "सगळं ठीक" एवढं सांगून फोन ठेवता. मग इथल्या माणसांना तुमचं आयुष्य म्हणजे गॉगल आणि डोंगर एवढंच दिसलं तर दोष त्यांचा कसा? जिना पुसल्याचं सांगा, गाडी चुकल्याचं सांगा, विम्याच्या पत्रातलं काही कळलं नाही म्हणून रडू आलं तेही सांगा. आई घाबरेल म्हणून सांगत नाही, असं धाकटा म्हणतो. अरे, आई न सांगितल्याने जास्त घाबरते.

हॉलंडवालीला मी परवा घरी बोलावलं आणि हे सगळं ऐकवलं. तिला पटलं की नाही माहीत नाही. "तुझं ठीक आहे, तू तिकडे जाऊन राहून आलीस," म्हणाली. त्यात तथ्य आहे. गुडघ्यांमुळे तिला विमानप्रवास जमत नाही. मग मी तिला म्हटलं, तू लेकीला एकदा विचार, पोर्तुगालला काय बघणार आहात. अजून तिने तेवढंही विचारलेलं नव्हतं.

आमची दोघं या दिवाळीला येणार होती, पण तिकिटं परवडेनात, म्हणून जानेवारीत येताहेत. दहा दिवस माझ्याकडे, दहा विहीणबाईंकडे. यंदा जेवायला कुणाकडेही जायचं नाही, ज्यांना भेटायचं त्यांनी एका रविवारी आमच्याकडे यावं, सगळ्यांना पोहे आणि चहा मिळेल, असं मी फोन करून कळवून टाकलं आहे. वाईची मावशी म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण, ती या प्रकाराने भयंकर रागावली आहे आणि तीन आठवडे झाले माझ्याशी बोलत नाही. कऱ्हाडकरांनी "बरं" एवढंच म्हटलं, ते जास्त धोक्याचं आहे. माझ्या वाट्याच्या दहांतले तीन दिवस त्या दोघांना महाबळेश्वरला पाठवायचं ठरवलं आहे. खोली सांगून ठेवली. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हीही चला ना." या वेळी मी जर्मन पद्धतीने "नको" म्हटलं आहे.